बेसबॉलच्या सुरुवातीच्या व्यावसायिक संघांचे गणवेश : काही प्रश्न

ओहायोकर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. येथे उन्हाळ्यात काही हौशी संघ १८६० च्या दशकातल्या नियमांनी, हातमोजे न घालता आणि त्या काळच्या धाटणीचे कपडे शिवून घेऊन बेसबॉल खेळतात. असा एक सामना नुकताच पाहिला. खेळापेक्षा माझे लक्ष कपड्यांकडेच अधिक गेले. जाड लोकरी शर्ट, त्याच्या छातीवर बटणांनी अडकवलेला ढालीच्या आकाराचा वेगळा कापडी पट, त्यावर वळणदार जुन्या लिपीतले एकच अक्षर, गुडघ्याखाली आवळलेली विजार आणि खाली भडक लाल पायमोजे, असा तो सारा थाट होता. पाठीवर ना आकडा होता, ना नाव.

व्यावसायिक बेसबॉलची सुरुवात सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या संघाने १८६९ मध्ये केली, एवढे मला ठाऊक आहे. त्यापलीकडचे काही प्रश्न मनात आहेत. छातीवरच्या त्या पटाचा उपयोग काय होता आणि तो आला कोठून? संघाची ओळख शर्टावर किंवा टोपीवर न ठेवता पायमोज्यांवर का ठेवली गेली, आणि ती इतकी का रुजली की आजही बॉस्टन आणि शिकागोचे संघ मोज्यांच्याच नावाने ओळखले जातात? नऊही खेळाडू एकसारखे दिसत असतील, तर तिकीट काढून आलेला प्रेक्षक कोण कोठे खेळतो आहे हे ओळखत कसा असे? आपल्याकडे क्रिकेटमध्ये पांढरे कपडे शतकभर टिकले. बेसबॉलने इतक्या लवकर रंगाची वाट का धरली, याचे कुतूहल आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुना स्कोअरबुकवाला

ओहायोकर, आपले प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे थोडे मागे जाऊन लिहितो.

बेसबॉलमधला सर्वांत जुना नोंदवलेला गणवेश न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचा आहे. क्लब १८४५ चा, आणि गणवेशाचा ठराव २४ एप्रिल १८४९ चा. निळी लोकरी पूर्ण लांबीची विजार, पांढरा फलालिनीचा शर्ट आणि गवताची हॅट, असे त्याचे स्वरूप होते. हे लोक व्यवसायाने कारकून, व्यापारी, डॉक्टर असे होते. खेळ हा त्यांच्या क्लबजीवनाचा एक भाग होता आणि नंतरचे जेवण हा दुसरा. त्यामुळे त्या कपड्यांचा हेतू मैदानावर प्रतिस्पर्ध्यापासून वेगळे दिसणे हा मुळीच नव्हता, कारण बहुतेक वेळा ते आपसांतच दोन गट पाडून खेळत. आपण एका प्रतिष्ठित मंडळाचे सभासद आहोत, हे त्या वेषातून दिसावे एवढीच अपेक्षा होती. पांढरा फलालिनीचा शर्ट हा तर सरळ क्रिकेटच्या मैदानावरून उचललेला दिसतो. त्या काळी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात क्रिकेट चांगले रुजलेले होते.

आता छातीवरच्या पटाविषयी. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये आग विझवण्याचे काम स्वयंसेवकांच्या तुकड्या करत. पगारी अग्निशमन दल तेथे १८६५ मध्ये आले. या तुकड्यांमध्ये जबरदस्त चुरस असे, आणि त्यांचे शर्ट हा त्यांच्या अभिमानाचा विषय असे. शर्टाच्या छातीवर दोन्ही बाजूंनी बटणे असलेला दुहेरी पट आणि त्यावर तुकडीचा क्रमांक किंवा अक्षर, ही पद्धत त्यांचीच. बेसबॉल क्लबांमध्ये याच लोकांचा मोठा भरणा होता. निकरबॉकर क्लबच्या पायाभरणीतले अलेक्झांडर कार्टराइट स्वतः स्वयंसेवक अग्निशामक होते. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ‘म्युच्युअल’ क्लब तर त्याच नावाच्या अग्निशमन तुकडीतून १८५७ मध्ये उभा राहिला. त्यामुळे तो पट बेसबॉलमध्ये आला तो बंबाच्या गाडीबरोबर, असे म्हणायला हरकत नाही. त्याचा व्यावहारिक फायदाही होता. बटणे सोडली की पट निघतो, म्हणजे शर्ट तोच ठेवून अक्षर बदलता येते किंवा पट वेगळा धुता येतो. ज्या ब्रुकलिनच्या एक्सेल्सिअर संघाची १८६० ची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यात असा पट तर दिसतोच, शिवाय पुढे लहानशी झाप असलेली गोल टोपीही दिसते. आजच्या बेसबॉल टोपीचे कूळ तेथपर्यंत नेता येते.

पायमोज्यांची कथा मात्र हॅरी राइट यांच्याशिवाय सांगता येत नाही, आणि मला स्वतःला या साऱ्या इतिहासात तेच सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांचा जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील सॅम्युएल राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. हॅरीही आधी क्रिकेटचेच व्यावसायिक. १८६५ मध्ये सिनसिनाटीच्या युनियन क्रिकेट क्लबने त्यांना वार्षिक १,२०० डॉलरवर नेमले ते क्रिकेट शिकवण्यासाठी, आणि तेथून ते शहरातल्या बेसबॉल क्लबकडे वळले. १८६८ च्या सुमारास या क्लबने लांब विजारी टाकून गुडघ्याखाली आवळलेल्या आखूड विजारी स्वीकारल्या. शहरातल्या बर्था बर्ट्रम या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी हे गणवेश शिवले, अशी नोंद आहे. धावताना लांब विजारीचे पायघोळ अडकते, ही अडचण त्यामुळे दूर झाली. पण विजार वर गेली की पोटरी उघडी पडते, आणि ती झाकायला लांब मोजे आले. ते लाल रंगाचे निवडले गेले आणि सारे चित्रच पालटले. प्रौढ पुरुषांनी पोटऱ्यांचा आकार दिसेल असे कपडे घालून भर मैदानात उतरावे, हे अनेकांना असभ्य वाटले होते. तरीही लोक बघायला लोटले.

ते का लोटले, याचे उत्तर आपल्या ‘मोजेच का’ या प्रश्नातही आहे. १८६९ मध्ये हा संघ उघडपणे सर्वच्या सर्व खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ झाला. त्याआधीही खेळाडूंना आडमार्गाने पैसे दिले जात, पण पगारपत्रक जाहीर करण्याचे धाडस कोणी केले नव्हते. हॅरींचे धाकटे भाऊ जॉर्ज यांना हंगामाचे १,४०० डॉलर आणि राखीव खेळाडूला ६०० डॉलर मिळत. दहा जणांचा एकूण पगार ९,३०० डॉलर होता. हा पैसा तिकिटांतून उभा करायचा होता. त्यासाठी संघ आगगाडीने गावोगाव फिरला. जूनमध्ये पूर्व किनाऱ्यावर गेला, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला. त्याच वर्षी मे महिन्यात जोडल्या गेलेल्या लोहमार्गाने सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचला. मैदानाच्या दूरच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला छातीवरचे लाल ‘सी’ अक्षर दिसत नाही. पांढऱ्या कपड्यांखाली धावणारे लाल पाय मात्र कोठूनही दिसतात. छातीवरचा पट सभासदत्व सांगत होता आणि लाल मोजे तिकीट विकत होते, हा माझ्या मते हौशी आणि व्यावसायिक गणवेशातला खरा फरक आहे.

त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. जून १८७० मध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक संघाने अकरा डावांत ८-७ असे हरवले, प्रेक्षक ओसरले, आणि हंगाम संपताच क्लबने पगारी संघ मोडला. हॅरी राइट बॉस्टनला गेले आणि लाल मोजेही घेऊन गेले. १८७१ मध्ये व्यावसायिक संघांची पहिली संघटना स्थापन झाली तेव्हा ‘रेड स्टॉकिंग्ज’ बॉस्टनमध्ये खेळत होते. शिकागोने पांढरे मोजे घेतले, सेंट लुईसने तपकिरी, हार्टफर्डने गडद निळे. वृत्तपत्रांच्या बातमीदारांना मथळ्यासाठी आयते नाव मिळाले, आणि मोज्याचा रंग हेच संघाचे नाव होऊन बसले. १८७६ मध्ये नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची नवी साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा सिनसिनाटीचा नवा संघ लाल रंग घेऊन उतरला, म्हणून बॉस्टनला ‘रेड कॅप्स’ म्हटले जाऊ लागले. रंगावर हक्क कोणाचा, याची ती पहिली ओढाताण.

---

फलालीन

मी इचलकरंजीत वस्त्रोद्योगात काम करतो. बेसबॉलविषयी माझे वाचन मर्यादित आहे, परंतु कापड आणि रंग यांविषयी काही सांगता येईल, कारण त्याशिवाय या गणवेशांचे बरेचसे वागणे उलगडत नाही.

उन्हाळी खेळासाठी लोकर का, हा प्रश्न कोणालाही पडेल. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के आर्द्रता हाताला ओलसर न लागता धरून ठेवतो. घाम आलेला खेळाडू डाव संपल्यावर वाऱ्यात बसला तर सुती कापड अंगाला चिकटून गार पडते, फलालीन तसे पडत नाही. त्या काळच्या वैद्यकीय समजुतीही अंगाला लोकर लागलेली बरी याच बाजूच्या होत्या. क्रिकेटचे कपडेही याच कारणाने फलालिनीचे असत. पण पाऊस किंवा खरोखरचा उकाडा असला की हेच कापड जड होऊन लोंबू लागते. शिवाय लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणे हे तिन्ही एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटते. एकदा आटलेला शर्ट पुन्हा सैल होत नाही. म्हणून फलालिनीचे गणवेश वारंवार धुतले जात नसत आणि ते बेताने सैलच शिवले जात. जुन्या छायाचित्रांतले खेळाडू ढगळ कपड्यांत का दिसतात, याचे एक कारण हेही आहे.

पुढे १८९० च्या दशकात घरच्या मैदानावर पांढरा आणि बाहेरगावी करडा किंवा गडद, असा जो संकेत पक्का होत गेला, त्याचा संबंधही धुण्याशी जोडला जातो, आणि मला तो पटतो. बाहेरगावचा दौरा आठवडे चालायचा, मुक्काम हॉटेलांत आणि प्रवास आगगाडीत. कोळशाचा धूर आणि मैदानातली माती अंगावर घेऊन फिरणारा पांढरा शर्ट तिसऱ्या गावात दाखवण्यासारखा राहत नसणार. करड्यावर तेच डाग खपून जातात.

मोज्यांच्या रंगाची गोष्ट मात्र गंभीर आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि पुढच्या दोन दशकांत भडक कृत्रिम रंगांचा बाजारात पूर आला. त्यांतला किरमिजी ‘मॅजेंटा’ बनवताना अनेक कारखाने आर्सेनिक आम्ल वापरत आणि त्याचा अंश रंगात उरत असे. १८६८ च्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्समध्ये रंगीत मोजे घालणाऱ्यांच्या पायांना फोड आल्याची प्रकरणे गाजली होती आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची चर्चा झाली होती. म्हणजे सिनसिनाटीचे लाल मोजे मैदानात उतरत होते, नेमक्या त्याच काळात युरोपात लाल मोज्यांची धास्ती पसरली होती.

बेसबॉलमध्ये बुटांना धातूचे खिळे असतात. बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यावर, घसरत येणाऱ्या खेळाडूचा खिळा उभ्या असलेल्याच्या पोटरीत घुसणे ही नेहमीची दुखापत. जखम उघडी, वर घामाने सुटणारा रंग. १९०५ मध्ये क्लीव्हलंड संघाचे खेळाडू नॅप लाजवे यांना अशाच जखमेतून रक्तदोष झाला आणि हंगामाचा मोठा भाग बाहेर बसावे लागले. दोष खरोखर रंगाचा होता की निव्वळ जंतूंचा, हा वेगळा प्रश्न आहे. प्रतिजैविके नसलेल्या काळात कोणतीही मळकी जखम जीवावर बेतू शकत होती. परंतु खेळाडूंची भीती खरी होती, आणि तिने गणवेश बदलला. आत पांढरा साधा मोजा आणि वरून तळव्याखाली पट्टी अडकवलेला, पाऊल उघडे ठेवणारा रंगीत मोजा, अशी जोडी रूढ झाली. रंग दिसतो, पण त्वचेला लागत नाही. पुढे ही पट्टी वर वर खेचण्याची फॅशन आली आणि मूळ कारण विसरले गेले.

---

जुना स्कोअरबुकवाला

फलालीन, आपण सांगितलेल्या भीतीचा एक मोठा परिणाम मूळ प्रश्नाशी जुळतो. बॉस्टनच्या नॅशनल लीग संघाने १९०७ मध्ये परंपरेने चालत आलेले लाल मोजे सोडून पांढरे घेतले. व्यवस्थापक फ्रेड टेनी यांना रंगाने जखम चिघळेल अशी धास्ती होती. शहरातला दुसरा संघ अमेरिकन लीग या दुसऱ्या लीगचा होता. त्याचे मालक जॉन टेलर यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो मोकळा झालेला लाल रंग उचलला आणि १९०८ पासून त्यांचा संघ ‘रेड सॉक्स’ झाला. शिकागोतही असेच घडले होते. नॅशनल लीगच्या संघाने टाकून दिलेले ‘व्हाइट स्टॉकिंग्ज’ हे नाव अमेरिकन लीगच्या नव्या संघाने घेतले आणि बातमीदारांनी ते आखडून ‘व्हाइट सॉक्स’ केले. सिनसिनाटीत सुरू झालेली लाल मोज्यांची परंपरा बॉस्टनच्या आजच्या संघापर्यंत पोहोचली ती रंगाच्या विषाची धास्ती वाटली म्हणून, हे मला फार लक्षणीय वाटते.

---

ओहायोकर

दोघांचेही मनापासून आभार. बंबवाल्यांचा संबंध माझ्या कल्पनेतही नव्हता. माझा तिसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. मोज्यांवरून संघ कळला, पण माणूस कसा कळायचा? आणि जाता जाता, न्यूयॉर्क यांकीज या संघाच्या शर्टावरच्या बारीक उभ्या रेघा त्यांचे प्रसिद्ध खेळाडू बेब रूथ बारीक दिसावेत म्हणून आणल्या, असे येथे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे का?

---

जुना स्कोअरबुकवाला

माणूस ओळखण्याचा प्रश्न मालकांनाही लवकरच पडला होता, आणि त्यांनी काढलेले पहिले उत्तर इतके विचित्र होते की त्यावर थोडे थांबूनच लिहायला हवे.

१८७६ मध्ये शिकागोच्या संघाने प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाची टोपी दिली. संघाचे प्रमुख पिचर (चेंडू टाकणारे) आणि व्यवस्थापक अल्बर्ट स्पॉल्डिंग होते आणि त्याच वर्षी त्यांनी क्रीडासाहित्याचे दुकानही काढले होते. प्रेक्षकाच्या हातातल्या छापील पत्रकावर टोपीचा रंग दिलेला असे. ट्यूलिपचा वाफा, अशी त्या संघाची संभावना झाली.

पाच वर्षांनी, १८८१ च्या हिवाळी बैठकीत, नॅशनल लीगने ही कल्पना टोपीवरून थेट शर्टावर आणली आणि सर्व आठ संघांना लागू केली. १८८२ च्या हंगामात शर्टाचा रंग संघावरून ठरणार नव्हता, तो मैदानातल्या जागेवरून ठरणार होता. कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) शेंदरी, पिचर फिकट निळा, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) गडद तांबडा, डावा आउटफील्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) पांढरा, उजवा करडा, आणि इतर काही जागांना दोन रंगांचे पट्टे. संघ ओळखायचा तो फक्त मोज्यांवरून, म्हणजे बॉस्टन लाल, शिकागो पांढरे, ट्रॉय हिरवे, वूस्टर तपकिरी, डेट्रॉइट जुन्या सोन्याच्या रंगाचे. त्याच वर्षी सुरू झालेल्या अमेरिकन असोसिएशन या स्पर्धक लीगनेही असाच प्रकार केला.

आता मैदानावर काय झाले असेल ते डोळ्यांसमोर आणून पाहा. बॉस्टनचा शॉर्टस्टॉप फटका मारून दुसऱ्या बेसवर पोहोचला आहे, त्याचा शर्ट गडद तांबडा आहे. त्याला बाद करायला धावत आलेला शिकागोचा शॉर्टस्टॉपही गडद तांबडाच आहे. चेंडू फेकणाऱ्याने त्या क्षणी आपला माणूस ओळखायचा तर खाली मोज्यांकडे बघायचे! एका संघाचे नऊ जण एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत आणि प्रतिस्पर्धी संघातल्या एकेकासारखे मात्र तंतोतंत दिसतात. गणवेशाचा मूळ हेतूच उलटा झाला. त्यात शर्ट रेशमी होते, म्हणजे उन्हात अंगाला चिकटणारे. खेळाडूंनी आणि वृत्तपत्रांनी या पोशाखाला विदूषकी ठरवले आणि हंगाम संपायच्या आतच तो गुंडाळला गेला.

या फसलेल्या प्रयोगाकडे मी केवळ गंमत म्हणून पाहत नाही. मालकांना प्रेक्षकाची गरज बरोबर कळली होती, पण खेळाडूला स्वतंत्र ओळख द्यायची तर ती त्याच्या जागेला द्यावी, व्यक्तीला नको, असा त्यांचा कल होता. आज स्मिथ शॉर्टस्टॉप असेल, उद्या जोन्स असेल, शर्ट तोच राहील. आकड्याची साधी कल्पना रुजायला त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लागले. क्लीव्हलंडने २६ जून १९१६ रोजी डाव्या बाहीवर आकडे लावून पाहिले आणि ते आकडे प्रेक्षकांच्या स्कोअरकार्डावर छापले. पुढच्या वर्षी ते सोडून दिले. १९२३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सनी बाहीवर आकडे लावले, तेव्हा प्रेक्षकांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी खेळाडूंची इतकी टर उडवली की व्यवस्थापक ब्रँच रिकी यांना माघार घ्यावी लागली. अखेर १९२९ मध्ये यांकीजनी पाठीवर कायमचे मोठे आकडे घातले. पावसामुळे त्यांचा पहिला सामना लांबला आणि १६ एप्रिलला क्लीव्हलंडचा संघ पाठीवर आकडे घेऊन आधी मैदानात उतरला. यांकीजचे आकडे फलंदाजीच्या क्रमाने दिलेले होते. रूथ तिसरे येत म्हणून ३, लू गेरिग चौथे म्हणून ४. १९३७ पर्यंत सर्वच संघ आकडे वापरू लागले. पाठीवर नाव येण्यासाठी १९६० उजाडावे लागले. शिकागो व्हाइट सॉक्सचे मालक बिल वीक यांनी ते आणले.

क्रिकेटशी तुलना करायची तर एकदिवसीय विश्वचषकात शर्टावर आकडे आले १९९९ मध्ये आणि कसोटीत २०१९ मध्ये. क्रिकेटची सूत्रे दीर्घकाळ हौशी सभासदांच्या क्लबांच्या हाती राहिली, बेसबॉलची १८७६ पासून तिकीट विकणाऱ्या मालकांच्या हाती गेली. रंगाच्या बाबतीतली आपल्या प्रश्नातली तफावत मला मुख्यतः येथे दिसते.

---

हडसनकाठ

रेघांविषयी थोडक्यात. बेब रूथ यांकीजकडे १९२० च्या हंगामापासून खेळू लागले. संघाने घरच्या गणवेशावर उभ्या रेघा प्रथम घातल्या १९१२ मध्ये, तेव्हा त्याला ‘हायलँडर्स’ म्हणत. मधली दोन वर्षे त्या गेल्या आणि १९१५ पासून कायम झाल्या. म्हणजे रूथ यांच्या पोटाचा त्या रेघांशी काही संबंध नाही. मुळात रेघा ही यांकीजचीही निर्मिती नव्हे. १८८८ मध्येच वॉशिंग्टन आणि डेट्रॉइटच्या संघांनी रेघांचे कापड वापरले होते.

एकमेकांत गुंफलेली ‘एन’ आणि ‘वाय’ ही अक्षरे मात्र आणखी जुनी आहेत. १८७७ मध्ये टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या एका जखमी पोलिसासाठी जे शौर्यपदक घडवले, त्यावर ती होती. संघाने ती १९०९ मध्ये गणवेशावर घेतली. बंबवाल्यांचा पट आणि पोलिसांचे पदक, दोन्ही शहराच्या रस्त्यांवरून मैदानात आलेले आहेत, याचे मला अप्रूप वाटते.

जॉन मॅकग्रॉ यांचाही उल्लेख येथे व्हावा. न्यूयॉर्क जायंट्सच्या या व्यवस्थापकांनी १९०५ च्या जागतिक मालिकेसाठी, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेसाठी, संघाला मुद्दाम काळे गणवेश शिवले. मालिका जिंकल्यावर १९०६ मध्ये छातीवर संघाचे नाव न लिहिता ‘जगज्जेते’ अशा अर्थाची अक्षरे मिरवली. त्याच वर्षी जायंट्सनी शर्टाची कॉलरही काढून टाकली आणि काही वर्षांत इतर संघांनी तेच केले.

---

पगारपत्रक

चर्चा अत्यंत वाचनीय झाली आहे. मी मुंबईत कामगार कायद्याची वकिली करतो आणि अमेरिकन खेळाडूंच्या संघटनांचा इतिहास माझ्या आवडीचा विषय आहे. जुना स्कोअरबुकवाला यांनी हा गणवेश प्रेक्षकाच्या बाजूने मांडला. तो बरोबरच आहे, परंतु त्या शर्टाचे पैसे कोणी दिले हे सांगितल्याशिवाय ‘व्यावसायिक’ या विशेषणाचा अर्थ पुरा होत नाही.

पैसे खेळाडू देत होते. १८७७ पासून नॅशनल लीगच्या संघांनी गणवेशापोटी प्रत्येक खेळाडूच्या पगारातून ३० डॉलर कापायला सुरुवात केली, दौऱ्यावर असताना जेवणाखाणापोटी रोजचे ५० सेंट वेगळे. शर्टाच्या छातीवर नाव संघाचे, त्या नावावर तिकिटे विकणार मालक, आणि कापड, शिलाई व धुलाई खेळाडूच्या खिशातून, अशी ही व्यवस्था होती. ३० डॉलर ही रक्कम आज किरकोळ वाटेल. १८६९ च्या सिनसिनाटी संघात दहापैकी पाच जणांचा पगार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर या आठ महिन्यांसाठी ८०० डॉलर, म्हणजे महिना १०० होता. त्या मानाने पाहिले तर एका गणवेशासाठी नऊ दिवसांची कमाई जात होती. फलालीन यांनी सांगितलेली न धुण्याची सवय मला याही बाजूने समजते. आटून वाया जाणारा शर्ट स्वतःच्याच पैशांचा असेल, तर माणूस तो धोब्याकडे टाकताना दहादा विचार करणार.

या कपातीला नकार देण्याचा मार्गही लवकरच बंद झाला. १८७९ मध्ये मालकांनी आपसांत ठरवून काही खेळाडू ‘राखीव’ केले, म्हणजे करार संपला तरी त्यांना दुसऱ्या संघाने घ्यायचे नाही. पुढे ही अट सर्वांनाच लागू झाली. १८८२ चा तो रंगीबेरंगी रेशमी शर्ट खेळाडूंनी नाराज असूनही का घातला, याचे उत्तर येथे आहे. नको म्हणून जाणार कोठे? जॉन माँटगोमेरी वॉर्ड हे स्वतः नावाजलेले खेळाडू होते आणि कायद्याचे पदवीधरही. त्यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये खेळाडूंची पहिली संघटना उभी राहिली आणि १८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीगही काढून पाहिली. ती एका हंगामात आर्थिकदृष्ट्या कोलमडली. गणवेशाची कपात तिच्यानंतरही चालू राहिली.

ती सुटली त्यात बाजारातल्या स्पर्धेचा वाटा मोठा होता. १९१२ मध्ये डेव्हिड फुल्ट्झ या वकील झालेल्या माजी खेळाडूने नवी संघटना बांधली होती. १९१३-१४ च्या हिवाळ्यात फेडरल लीग ही तिसरी लीग मोठ्या पगारांचे आमिष दाखवून खेळाडू फोडू लागली. मालक धास्तावले. जानेवारी १९१४ मध्ये सिनसिनाटीत व्यावसायिक बेसबॉलचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय आयोगापुढे संघटनेच्या मागण्यांवर चर्चा झाली. आयोगाचे अध्यक्ष गॅरी हरमन हेच सिनसिनाटी संघाचेही अध्यक्ष होते. ज्या मागण्या मान्य झाल्या त्यांत गणवेशाचा खर्च संघाने करावा ही एक होती. चेंडू फलंदाजाला नीट दिसावा म्हणून पिचरच्या मागच्या बाजूची भिंत गडद हिरवी रंगवावी, हीदेखील त्यांतलीच. लाल मोजे घालून पहिला पगारी संघ मैदानात उतरला त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती.